आबांचा रकाना

3 डिसेंबर 2023, रविवार
दुधाला वास येतो, असं हिचं म्हणणं. कशाचा, विचारलं. कांद्याचा. चहा प्यायलो. आलं जास्त पडलं होतं. बाकी काही नाही.

4 डिसेंबर
गवळीमामांच्या किटलीतलं कच्चं दूध वाटीत घेतलं. घोट तोंडात फिरवला, बेसिनमध्ये थुंकला. जुनी सवय. दूध चांगलं. लॅक्टोमीटर लावला, 30 डिग्री. पाणी नाही.
हिने त्याच दुधाचं विरजण वेगळं लावलंय. "दह्यात अजून कळेल," म्हणते.

5 डिसेंबर
दही लागलं. मला आंबट. हिला कांदा.

6 डिसेंबर
पहाटेच जाग आली. दूध डेअरीच्या डॉकचे दिवस आठवत पडून राहिलो. बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या गाड्या लागायच्या. चाळीस लिटरचे कॅन. झाकण निघाल्याबरोबर नाक खाली. पहिली वाफ पकडायची. ती उडून गेली की पुढचं सगळं अंदाजपंचे. शंका आली तर घोट. मग परीक्षानळीत पाच मिली घेऊन उकळायचं, फाटतंय का बघायचं. फॅट त्याच्यानंतर. दहा मिली सल्फ्युरिक अॅसिड, 10.75 मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, बुटिरोमीटर फिरवायचा, गरम पाण्यात धरायचा. एवढं होईपर्यंत माणूस चहा पिऊन येईल. नाकाला दोन सेकंद लागायचे.
पुढे मशीन आलं. फॅट सांगतं, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) सांगतं, घातलेलं पाणी सांगतं. जनावर काय खाऊन उभं राहिलं होतं, ते सांगत नाही.
डॉकवरची पोरं मला 'नाक' म्हणायची. "थांब, नाकाला विचारू."

8 डिसेंबर
कांद्याची निर्यात बंद. 31 मार्चपर्यंत. बातमीत नाशिककडचे लिलाव थांबलेले. आपल्या बाजार समितीत आवक मात्र वाढणार. लाल कांदा आहे, टिकणारा माल नाही. शेतकरी ठेवून ठेवणार कुठं?

9 डिसेंबर
मामांना फाटकात गाठलं. आधी कबूल होईनात. मग म्हणाले, "साहेब, शेजारच्यानं कांदा बांधावर ओतलाय की. बाजारात न्यायचं भाडं निघंना. सडण्यापरीस म्हशीनं खाल्लेला काय वाईट? कडब्याचा भाव बगा जरा."
बघितला आहे. बार्शी, माढा, करमाळा, माळशिरस, सांगोला, पाच तालुके दुष्काळी जाहीर. उजनी यंदा भरलीच नाही. हिरवं कुठून आणणार?
त्यांना एवढंच सांगितलं. धार काढायच्या आधी कांदा नको, धार झाल्यावर द्या. खाल्लेला कांदा पोटातून रक्तात, रक्तातून कासेत येतो, त्याला काही तास. पण नुसता हुंगलेलाही फुप्फुसातून जातो, अर्ध्या तासात दुधात हजर. म्हणून ढीगच गोठ्यापासून लांब पाहिजे. आणि पोटभर तर मुळीच नको. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते.
"लाल?" मामा घाबरले. बरं झालं.

10 डिसेंबर
हिच्यापुढे विषय बंद. पण सकाळी तिने विचारलंच. "तुम्हाला खरंच येत नाही?"
सर्दी आहे म्हटलं. आहेच.

12 डिसेंबर
घरात तीन तऱ्हेचं दूध. मामांची म्हैस. कोपऱ्यावरच्या डेअरीतली टोंड पिशवी, 3 फॅट, 8.5 एसएनएफ. कॉलनीच्या मागच्या गोठ्यातली संकरित गाय. ही म्हणते एकाचा चहा दुसऱ्यासारखा होत नाही. होणारच नाही. म्हशीला सात फॅट, पिशवीला तीन. फॅट जिभेवर पसरतं, चहाचा तुरटपणा झाकतं. त्याला चव म्हणायचं की जाडी, हा वाद आमच्या लॅबमध्ये जुना.
गाईचं दूध पिवळसर हवं. यंदा पांढरं. गाय चाऱ्यातलं कॅरोटीन तसंच दुधात सोडते. म्हैस त्याचं 'अ' जीवनसत्त्व करून मोकळी होते, म्हणून तिचं दूध कायम पांढरं. हिरवा चाराच नसला की गाईच्याही दुधाला रंग येत नाही. शेजारच्या वहिनींना वाटतं गवळी म्हशीचं मिसळतो. त्याला ते परवडलं तर ना.

14 डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. उदबत्ती लावायची राहिली का, विचारलं.
लावलेली होती.

15 डिसेंबर
थंडी. गच्चीवर ऊन खात बसलो.

18 डिसेंबर
दूध करपलं. मी ओट्यापाशीच होतो, 'संचार' वाचत. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून हाक मारली. पातेलं राखेने घासलं, गेलं नाही. बुडाला काळा चंद्र. ही भाजी घेऊन आली, काही बोलली नाही. मग खिडक्या उघडत फिरली.

21 डिसेंबर
गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर. नागपूरच्या अधिवेशनात. जुलैत 34 रुपये दर ठरला होता, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला. तो हातात कुणाच्या पडला? मामांना याचा उपयोग नाही, त्यांच्या म्हशी. "आमच्या म्हशी काय पाकिस्तानातनं आल्या का," म्हणाले.

23 डिसेंबर, शनिवार
मुलगा, सूनबाई, नात आले. रात्रीच्या हुतात्मा एक्सप्रेसने. बॅगेत नातीची दुधाची खोकी. पुण्याहून सोलापूरला दूध आणलं! आजीने पाहिलं, तोंड फिरवलं.

24 डिसेंबर
नातीने म्हशीचं दूध एक घोट घेऊन पेला सरकवला. "आजी, याला म्हशीचा वास येतोय."
"म्हशीच्या दुधाला म्हशीचाच येणार, हत्तीचा येईल का?"
खोक्यातलं दूध मात्र गटागटा. ते 135 डिग्रीच्या वर तापवतात, दोन-चार सेकंद. पिशवीतलं 72 डिग्री, पंधरा सेकंद. एवढ्या वरच्या तापाने दुधातलं पाण्याबरोबर राहणारं प्रथिन उलगडतं, गंधकाचे बंध सुटतात, शिजल्याचा वास लागतो. तिने लहानपणापासून तेच पाहिलंय. तिच्या जिभेला दूध म्हणजे ते. हिच्या माहेरी चुलीवर, मंद शेणीवर दूध दुपारभर ठेवायचे, सायीला धूर लागायचा. हिला अजून तेच खरं वाटतं. दोघी एकमेकींना 'तुला चव कळत नाही' म्हणतायत.

25 डिसेंबर
नाताळ. नातीला परीक्षा घ्यायचीय. सगळ्यांची. वहीला रेघा मारून झाल्या.

26 डिसेंबर
परीक्षा झाली. सहा पेले, खाली चिकटपट्टीवर आकडे. कोमट करून घेतलं. गार दुधात वास दडतो, एवढं माझं ऐकलं. होटगी रोडच्या कळपातून मुलगा शेळीचं घेऊन आला. उस्मानाबादी, काळ्या, लांब कानांच्या. सहाव्या पेल्यात पिशवीचंच दूध, पण माझ्या सांगण्यावरून काचेच्या बाटलीत भरून सकाळी दोन तास उन्हात ठेवलेलं. आरेला डिप्लोमा करताना आम्हाला हे पहिल्या सत्रात दाखवायचे. उजेडाने दुधातलं रायबोफ्लेविन चिडतं आणि प्रथिनावर जातं.
आजी: म्हैस ओळखली, शेळी ओळखली (पदर नाकाला), गाय आणि साधी पिशवी यांत घोळ. खोकं, "हे औषध आहे."
नात: खोकं ओळखलं. म्हैस ओळखली. शेळीला "बकरी ओली झाली". उन्हातल्या पेल्याला "केस जळाले". मी काही शिकवलं नव्हतं. पुस्तकातही जवळजवळ हेच लिहिलेलं असतं.
सूनबाई: शेळी चटकन. पुण्यात डेंग्यूच्या वेळी घेतलं होतं म्हणाली, वाटेल त्या भावाने. त्याने पेशी वाढतात याला पुरावा नाही, हे मी सांगितलं. तिने मान हलवली. पुन्हा डेंग्यू झाला तर पुन्हा घेईल.
मुलगा: सगळी एकसारखी. याला लहानपणी डॉकवर न्यायचो, काही उपयोग झाला नाही.
माझं राहू दे.

27 डिसेंबर
शेळीच्या वासाचं. फॅटमध्ये लहान साखळीची आम्लं जास्त, कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक. दूध ताजं, भांडं स्वच्छ, लगेच गार केलं तर ती बांधलेली राहतात, वास बेताचा. ढवळलं, ताटकळत ठेवलं की सुटतात. बोकड शेजारी बांधला तर विचारायलाच नको. काल मुलाने दुचाकीवर हिंदकळत आणलं, तासभर. शेळीची बदनामी उगाच.

28 डिसेंबर
दुसरा गुरुवार गेला, आज तिसरा. खीर. गोड होती.

30 डिसेंबर
रात्री सूनबाई आणि ही स्वयंपाकघरात हळू आवाजात. मी गेलो तर भाजीचा विषय.

1 जानेवारी 2024
पहाटेच्या गाडीने गेले. घर मोठं झालं.

2 जानेवारी
नातीची वही टीपॉयखाली सापडली. तीन रकाने. आजी, मी, आबा. तिच्या रकान्यात इतकं लिहिलंय की रेघेबाहेर गेलंय. आबांचा रकाना नीटनेटका. गोड. गोड. गोड. थोडं खारट. गोड. गोड.
वही माझ्या कपाटात ठेवली.

3 जानेवारी
'थोडं खारट' हे चौथ्या पेल्यापुढे लिहिलंय. चौथा मामांच्या म्हशीचा. दोनदा आकडे ताडून पाहिले.

5 जानेवारी
मामांकडून दोन म्हशींचं दूध वेगवेगळ्या तांब्यांत मागितलं. "आता काय काढलं, साहेब?" हिला दोन्ही दिले. दोन्हींना वास नाही म्हणाली, कांदा गेला. दोन्ही सारखी.
सारखी नाहीत. दुसरं खारट आहे. जिभेच्या कडेला राहतं.

6 जानेवारी
खारट दुधाची कारणं दोन. एक, म्हैस गाभण, आटत आलेली. दुधातली साखर कमी होते, क्लोराइड वाढतं. दुसरं, कासेत काही सुरू झालंय. मामांना विचारलं. म्हैस विऊन तीन महिनेसुद्धा झाले नाहीत.
त्यांना सांगितलं, पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढा. चारी सडांच्या वेगवेगळ्या.

7 जानेवारी
मामांचा सकाळीच फोन. मागच्या उजव्या सडाला बारीक कण. कास गरम नाही, सुजलेली नाही. "दगडी व्हायच्या आधी कळलं बगा." डॉक्टरांना बोलावलंय. औषध चालू असेपर्यंत त्या म्हशीचं दूध डेअरीला नाही, घरी नाही, ओतून द्यायचं. हे दोनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून. दोनदा "व्हय" म्हणाले. तिसऱ्यांदा वैतागले.
हिला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

9 जानेवारी
कुरिअर. मुलाने गॅस गळती ओळखणारं यंत्र पाठवलंय. सिलिंडरजवळ भिंतीवर लावायचं. खिळा मारला. लाल दिवा लुकलुकतो.

11 जानेवारी, गुरुवार
वेळ अमावस्या. मेव्हण्यांच्या शेतावर, अक्कलकोट तालुक्यात. कडब्याची कोपी, आत पाच पांडव मांडलेले. ज्वारी यंदा गुडघ्याच्या वर गेली नाही. आम्ही तरी जेवलो. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खपली गव्हाची खीर.
आंबील प्यायलो. आंबट. मीठ. मग काहीच नाही. भज्जी तिखट, मऊ. चिंच लागली. हरभरा, वाटाणा, मेथी सगळं त्यात पडतं, मला माहीत आहे म्हणून मी जेवत होतो.
मेव्हण्यांची खिलार व्यालेली. खिलार दुधाची नव्हेच, शर्यतीची, औताची. वासरू पिऊन लिटरभर राहिलं तर नशीब. बहिणीने तांब्यात धार काढून दिली. मी प्यायलो, तांब्या हिला दिला आणि विचारलं, कसं आहे.
तिने बराच वेळ घेतला. आधी म्हणाली पातळ आहे. मग वाळलेल्या गवताचा वास आहे, पण धुळीचा नाही. नंतर मागून हलकासा गुळमट, उसाच्या वाढ्यासारखा. मेव्हण्यांना विचारलं. परवापासून वाढंच घालतोय म्हणाले.
परत येताना गाडीत तिला म्हटलं, तू डॉकवर यायला हवं होतंस.
"मग स्वयंपाक कोणी केला असता?"

12 जानेवारी
तिने सांगितलेलं सगळं लिहून घेतलं, आठवेल तसं.

14 जानेवारी
भोगी. सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा. गर्दीत आता उभं राहवत नाही, टीव्हीवर पाहिलं. सात नंदीध्वज. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. तीळ दाताखाली आला की समजतो.

16 जानेवारी
सूनबाईने तिकडूनच इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली. नाक, कान, घसा. उद्या.

17 जानेवारी
डॉक्टर तरुण. डोळे मिटायला लावले, नाकाखाली एकेक बाटली. लवंग? कॉफी? मी म्हटलं, काचेची बाटली आहे. हसला नाही.
पॉलिप आहेत. दोन्हीकडे. द्राक्षासारखे लोंबतात म्हणे, हवा वरपर्यंत पोचत नाही. स्प्रे, गोळ्या, सहा आठवड्यांनी बघू, मग शस्त्रक्रियेचं. परत येईल का विचारलं. "येऊ शकतो, काका." कधीपासून गेलाय, त्याने विचारलं.
ही माझ्याआधी बोलली. "गणपतीच्या आधीपासून."

18 जानेवारी
गणपतीच्या आधीपासून. आणि कांद्यापर्यंत गप्प बसली.

19 जानेवारी
पंतप्रधान कुंभारीला, रे नगरच्या 15 हजार घरांसाठी. रस्ते अडवलेले. मामा दहाला आले, किटली उन्हात तापलेली. हिने नाक लावलं, "चालेल, पण लगेच तापवते." स्प्रे. कडू घशात उतरतो.

22 जानेवारी
सगळीकडे दिवे, घोषणा. कॉलनीत खिरीचा प्रसाद. पातेलं पितळेचं, कल्हई उडालेली. मी सांगेपर्यंत ढवळून झालं होतं. तांबं दुधात उतरलं की स्निग्धांश बिघडतो. हिला विचारलं. पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणाली. मग पुठ्ठा कधी खाल्लास, म्हटलं. दोघं हसलो.

25 जानेवारी
म्हशीचं औषध संपलं. ओतून द्यायचे दिवसही संपले. मामांनी तांब्या आणला. खारट नाही. फडक्यावर कण नाहीत. मामांनी महिन्याच्या हिशेबातून डॉक्टरच्या फीएवढे पैसे वळते करायला काढले. कशाला, म्हटलं. "सड वाचलं, साहेब. तीन सडाच्या म्हशीला बाजारात कोण विचारतं?" घेतले नाहीत.

28 जानेवारी, रविवार
सकाळी स्प्रेनंतर चहा. क्षणभर काहीतरी. वेलदोडा असेल. हिला विचारलं, वेलदोडा घातलास का. नाही म्हणाली.

31 जानेवारी
कांद्याचा भाव अजून उतरलेलाच. मामा धार काढून मगच घालतात आता, ढीग गोठ्यामागे नेला. ही रोज कच्च्या दुधाला नाक लावते, मी जीभ. वहीत दोन रकाने. नातीला फोनवर वाचून दाखवतो. "आबा, तुझे शब्द वाढव," म्हणते.

2 फेब्रुवारी
मामा एक पंढरपुरी विकत घेतायत, दुसऱ्या वेताची. तलवारीसारखी शिंगं, म्हणाले, फोटो दाखवला, फोटोत शिंगंच मावली नाहीत. परवा सांगोल्याचा बाजार. तिथं धार काढून दाखवतात, पण विकणारा दोन दिवस काय खाऊ घालेल सांगता येत नाही. मुद्दाम गूळ-सरकी चारून आणतात.
"तुमी या, साहेब. तोंडात घिऊन सांगा."
पहाटे किती वाजता निघायचं ते विचारलं. आणि गाडीत दोघांना जागा आहे का.